देणे एका खात्याचे, भरणा दुसऱ्याच खात्यात

पत्राचा सारांश : पत्रलेखक अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्याच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे (चर्चचे) सभासद असून त्यांचे वय 54 आहे. वडिलांकडून शिकलेली पेटी ते पंचवीस वर्षे उपासनेत वाजवीत होते. नऊ वर्षांपूर्वी मंदिराची कौले उतरवून स्लॅब टाकण्याचे ठरले, तेव्हा इमारत निधीचे खजिनदारपद त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी जून महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी पैसे कमी पडले. मंडळीतील दोन तरुणांनी घरोघर फिरून जमवलेली वर्गणी आणि पावतीपुस्तक त्यांच्याकडे आले होते. त्यांनी तीन पावत्यांच्या स्थळप्रती फाडून टाकल्या आणि त्यांवरील 40,000 रुपये वापरले. सुगीनंतर भरून टाकू असे मनात होते. ते राहून गेले. देणगीदारांची यादी वाचली गेली तेव्हा तिघांची नावे त्यात नव्हती आणि कमिटीत विषय निघाला. मुलांच्या हातून पाने गहाळ झाली असावीत, असे म्हणून तो मिटवण्यात आला. पत्रलेखक त्या बैठकीत गप्प राहिले. पुढे एका उपवास-प्रार्थनेत त्यांनी देवापुढे रडून पाप कबूल केले. मात्र तेव्हापासून, बोटे दुखतात असे सांगून, त्यांनी पेटी वाजवणे सोडले. आता नव्या पाळकसाहेबांनी नाताळासाठी चौदा मुलांना गाणी शिकवण्याची विनंती केली आहे. पत्नीला आणि मुलीला यातले काहीच ठाऊक नाही. ते विचारतात : "देवाने मला क्षमा केली असे मी मानतो, पण मी स्वतःला क्षमा करू शकत नाही. अशा माणसाने देवाच्या घरात पेटीला हात लावावा काय?"

प्रिय बंधू,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुमचे पत्र नऊ पानांचे आहे. त्यातील निम्म्याहून अधिक पाने पेटीविषयी आहेत, दोन पाने त्या चाळीस हजारांविषयी आहेत, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या त्या दोन तरुणांविषयी अवघे एक वाक्य आहे : "त्या वेळी त्यांच्याबद्दल थोडी कुजबुज झाली, पण ती यथावकाश शमली." त्यांच्यापैकी एक जण पुढे उपासनेला येईनासा झाला आणि आता चाकणला एका कंपनीत कामाला आहे, हे तुम्ही शेवटच्या पानावर, वेगळ्याच संदर्भात, सहज लिहून गेला आहात. ही दोन वाक्ये तुम्ही एकमेकांपासून सहा पाने दूर ठेवली आहेत. मला ती शेजारी शेजारी ठेवूनच उत्तराला सुरुवात करावी लागेल.

कुजबुज शमली, पण ती कोणाच्या कानांपुरती? खेड्यात अशी कुजबुज थांबत नसते. ज्याच्याविषयी असते तो जवळ आला की ती तेवढ्यापुरती गप्प होते, आणि त्या गप्प होण्यावरूनच त्याला सारे कळते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने देवाच्या कामासाठी उन्हातान्हात दारोदार हिंडून वर्गणी जमवावी, आणि वर्षभराने त्याच्या हाती अर्पणाची थैली देताना लोकांनी क्षणभर थबकावे, यानंतर तो मंदिरात का येईल? तो तुमच्यामुळेच गेला, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. तुम्हालाही तसे म्हणता येणार नाही. परंतु त्याला विचारून पाहण्याचा मार्ग नऊ वर्षे मोकळा होता आणि तुम्ही त्या वाटेने गेला नाहीत, एवढे मात्र खरे आहे.

म्हणून तुमच्या पत्रातील पहिल्या गृहीतकाशीच मी अडतो. "हे पाप माझ्यात आणि देवात होते, आणि ते मी देवाकडे मिटवले," असे तुम्ही लिहिता, आणि आधार म्हणून एक्कावन्नाव्या स्तोत्रातील दाविदाचे उद्गार देता, की मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केले आहे. ते उद्गार खरे आहेत; प्रत्येक पाप शेवटी देवाविरुद्ध असते, हे ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात आहे. पण हे स्तोत्र कोणत्या प्रसंगाचे म्हणून दिले आहे, ते त्याच्या शीर्षकातच नोंदलेले आहे : दावीद बथशेबेकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचे. तोवर बथशेबेचा नवरा उरीया दाविदाच्याच हुकमाने रणांगणावर मारला गेला होता. दाविदाला ज्याच्या दारात जाऊन उभे राहता आले असते, तो माणूसच उरला नव्हता. तुमचा उरीया, देवाच्या दयेने, चाकणला नोकरी करतो आहे आणि सणासुदीला गावी येतो. दाविदाला जे शक्य नव्हते ते तुम्हाला शक्य असताना त्याच्या शब्दांचा आडोसा घेणे मला उचित वाटत नाही.

याचा अर्थ तुमची त्या रात्रीची प्रार्थना खोटी होती, असा कृपा करून घेऊ नका. आपण पापे पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी आहे, तो क्षमा करील, हे योहानाच्या पहिल्या पत्रातील आश्वासन तुम्ही पत्रात दोनदा उतरवून काढले आहे आणि ते तुमच्यासाठीही तितकेच खरे आहे. देवाची क्षमा ही तुमच्या परतफेडीची किंमत म्हणून मिळत नाही. ती आधी मिळते. जक्कयाची गोष्ट आठवा. येशूने त्याला उंबराच्या झाडावरून खाली बोलावले आणि "आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे" असे सांगितले, तेव्हा जक्कयाने एक दमडीही परत केलेली नव्हती. निम्मी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट, हे तो नंतर, पाहुणा घरात आल्यावर, उभा राहून बोलला. मला या गोष्टीत नेहमी एक बारकावा जाणवतो. जक्कय जकातदारांचा मुख्य होता, म्हणजे आकडे हे त्याचे रोजचे काम होते, आणि क्षमेचा आनंद झाला तेव्हाही तो आकड्यांतच बोलला. त्याने नुसते डोळे पुसले नाहीत. त्याने हिशेब मांडला. तुम्ही खजिनदार होतात. तुमच्याकडूनही मला त्याच भाषेची अपेक्षा आहे.

आता दुसरे गृहीतक, म्हणजे "स्वतःला क्षमा करणे". हा शब्दप्रयोग हल्ली इतका रुळला आहे की तो शास्त्रवचनच असावा असे वाटते. बायबलमध्ये तो कोठेही नाही, आणि नसण्याचे कारण समजण्याजोगे आहे. कर्ज सोडून देण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्याचा असतो. कर्जदाराने स्वतःच आपल्या नावापुढे "माफ" असे लिहिले, तर ती नोंद कोणताही तपासनीस ग्राह्य धरणार नाही. तुम्हाला स्वतःला क्षमा करता येत नाही, यात तुमच्या श्रद्धेचा कमकुवतपणा नाही. मला तर वाटते की तुमचे मन अगदी बरोबर सांगत आहे, फक्त तुम्ही ते चुकीचे वाचत आहात. देवाने क्षमा केली नाही, असे ते सांगत नाही. तीन देणगीदार, दोन तरुण आणि एक मंडळी यांचे येणे अजून बाकी आहे, असे ते सांगते. ही टोचणी प्रार्थनेने जात नाही, कारण ती प्रार्थनेची बाबच नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने याबाबत चमत्कारिक वाटावी अशी सूचना केली आहे : वेदीजवळ दान आणल्यावर, भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे तेथे आठवले, तर ते दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. दान घेऊन घरी जा, असे तो म्हणत नाही. ते वेदीपाशीच ठेवायचे आहे, कारण परत यायचे आहे.

तुम्ही मात्र दान उचलून घरी आणले आणि माळ्यावर ठेवले.

इथे मला तुमच्या पत्रातील सर्वांत दुखरी जागा दिसते. दर वर्षी पावसाळा संपला की तुम्ही पेटी माळ्यावरून खाली काढता, पट्ट्यांवरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसता, डांबराच्या गोळ्या बदलता, भात्याला कसर लागली नाही ना ते बघता, आणि एकही पट्टी न दाबता ती पुन्हा वडिलांच्या धाबळीत गुंडाळून वर ठेवता. पत्नी विचारते, तेव्हा बोटे दुखतात असे सांगता. हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे आधी तुमची व्यथा उभी राहिली आणि मग, क्षमा असावी, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात परदेशी जाणारा धनी आपले पैसे ज्या तीन चाकरांवर सोपवतो, त्यांतला तो तिसरा चाकर उभा राहिला. त्याला मिळालेला एक तालंत म्हणजे काही किरकोळ रक्कम नव्हती. त्या काळी मजुराला दिवसाला एक दीनार मिळत असे आणि तालंत सुमारे 6,000 दीनारांचा होता, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. त्याने ती उधळली नाही, चोरली नाही. ती जपून पुरली आणि जशीच्या तशी परत आणली. आपण हा दृष्टान्त आळशी माणसाला ऐकवतो. परंतु तो चाकर स्वतः जे कारण देतो ते आळसाचे नाही. तो म्हणतो, तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून मी भ्यालो. धन्याविषयीची त्याची समजूतच त्याच्या हाताला फावडे देते.

तुमची समजूतही अशीच झाली आहे, असे मला वाटते. ओठांवर क्षमाशील देव आहे आणि माळ्याखाली उभे असताना मनात सावकार आहे, ज्याला दर वर्षी काहीतरी व्याज पोचवायचे आहे, आणि ते व्याज म्हणून तुम्ही स्वतःचे संगीत देता. हिशेबाच्या दृष्टीने पाहा : देणे आहे इमारत निधीचे आणि त्या दोन तरुणांच्या नावाचे, भरणा मात्र तुम्ही केला आहे भलत्याच खात्यात. नऊ वर्षे पेटी न वाजवल्याने निधीत एक रुपया जमा झाला नाही आणि त्या मुलांच्या नावावरचा डाग तसूभर पुसट झाला नाही. उलट नुकसान वाढले. तुमच्यानंतर पेटी वाजवणारा एक तरुण होता, तोही नोकरीनिमित्त पुण्याला गेला, आणि आता मुले ब्लूटूथ स्पीकरवर ठेका लावून गातात, असे तुम्हीच लिहिता. नगरच्या मंडळ्यांना तर हे विशेष लागायला हवे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच जिल्ह्यात राहून मराठी उपासनेत भजन आणि कीर्तन रुजवले, परक्या चालींच्या जोडीला अभंगाची चाल मंदिरात आणली, आणि ती चाल छापील पुस्तकापेक्षा तुमच्या वडिलांसारख्या पेटीवाल्यांच्या बोटांतून पुढच्या पिढीकडे आली. ठेक्याची जागा स्पीकर भरून काढेल. मुलाचा आवाज काळी दोनच्या उंच पट्टीला दाटतो आहे, त्याला पांढरी एकच्या खालच्या पट्टीवर आणावे, हे स्पीकरला कळत नाही.

येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की प्रत्येकाला मिळालेले कृपादान त्याने देवाच्या कृपेचा चांगला कारभारी या नात्याने एकमेकांच्या कारणी लावावे. कारभारी हा शब्द तुमच्यासाठी नेमका आहे. निधी तुमचा नव्हता, तुम्ही त्याचे कारभारी होतात. तो तुम्ही आपला समजलात, ही पहिली चूक. पेटीची कलाही तुमची नव्हती, तिचेही तुम्ही कारभारीच होतात. ती आपली समजून तुम्ही दंडापोटी जमा करून टाकलीत, ही दुसरी. दोन्ही वेळा दुसऱ्याची ठेव तुम्ही स्वतःच्या अडचणीसाठी वापरली आहे. हे वाक्य कठोर आहे, पण पहिल्या चुकीसाठी नऊ वर्षे झुरणाऱ्या माणसाला दुसरी चूक दिसलीच नसेल, म्हणून लिहिले.

आणि हे लिहिणारा पेत्र कोण आहे, तेही पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच येतो. पहिला मुख्य याजकाच्या अंगणात, जिथे शेकत असताना पेत्राने येशूला तीनदा नाकारले. दुसरा समुद्राच्या काठावर, जिथे पुनरुत्थित येशू मासळी भाजून शिष्यांची वाट पाहतो. त्या दुसऱ्या विस्तवाजवळ येशू पेत्राला तीनदा विचारतो. "तू योग्य आहेस काय?" असे एकदाही विचारत नाही, "पुन्हा असे करणार नाहीस ना?" असेही विचारत नाही. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" एवढेच विचारतो, आणि उत्तराबरोबर काम देतो, पहिल्याच उत्तरावर काम मिळते ते कोकरे चारण्याचे. तुमच्या नव्या पाळकसाहेबांनी नकळत तुम्हाला तेच सांगितले आहे. मात्र हेही ध्यानात घ्या की येशूने पेत्राला त्या विस्तवापाशी पुन्हा बसवले. ज्या वासाने आणि धगीने ती रात्र आठवली असेल, ती टाळून दुसऱ्या वाटेने त्याला सेवेत आणले नाही. तुमच्यासाठी तो विस्तव म्हणजे कमिटीची खोली आहे.

तेव्हा मार्ग कोणते, ते पाहू. पहिला, काही न बोलता मुलांना शिकवायला लागणे. देवाने क्षमा केली, मग गावाला सांगायचे कशाला, असे सुचवणारे हितचिंतक तुम्हाला भेटतील. मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. ज्या दिवशी चाकणचा तो तरुण नाताळाला गावी येऊन मागच्या बाकावर बसेल, त्या दिवशी तुमची बोटे खरोखर थांबतील. दुसरा मार्ग, 40,000 रुपये पाकिटात घालून नाव न लिहिता दानपेटीत टाकणे. हा मोहक आहे, आणि काहीच न करण्यापेक्षा नक्कीच बरा आहे. पण त्याने फक्त पैशाचे खाते मिटते. शिवाय, एवढी निनावी रक्कम आली की गाव तर्क करणार, आणि त्या दोन मुलांपैकी कोणाला तरी पाझर फुटला असेल, असा तर्क निघाला तर तुम्ही त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय केलेला असेल. तिसरा मार्ग, रविवारी उपासनेत उभे राहून सगळ्यांपुढे सांगून टाकणे. यात धैर्य आहे, पण पहिल्या पावलाला मी याची शिफारस करीत नाही. अशा वेळी मंडळी रडते, गळ्यात पडते, आणि भावनेच्या पुरात ना रक्कम नोंदली जाते, ना त्या तरुणांची नावे नीट घेतली जातात. माणूस हलका होतो आणि कागद कोरा राहतो.

मी सुचवतो तो मार्ग याहून संथ आहे. पाळकसाहेबांना एकांतात भेटा आणि पत्रात मला जे लिहिले ते, त्या एका वाक्याला त्याची खरी जागा देऊन, सांगा. रक्कम आधी ठरवून जा. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनेच्या पाचव्या अध्यायात, अपराध पदरी घेणाऱ्याने मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करावे, असे सांगितले आहे. त्या हिशेबाने 48,000 रुपये होतात. आपण नियमशास्त्राखाली नाही, हे मला ठाऊक आहे, आणि चौपटीचा जक्कयाचा उत्साहही तुमच्यावर लादत नाही. पण नऊ वर्षांत चाळीस हजारांचे मोल तेच राहिलेले नाही, तेव्हा मुद्दलावर काहीतरी अधिक देणे साध्या न्यायाचे आहे. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. या वेळी स्थळप्रत शाबूत राहू द्या.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगतो. अनेक मंडळ्यांची मालमत्ता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेल्या न्यासाकडे असते, आणि अशा निधीचा अपहार हा फौजदारी न्यासभंगाचा गुन्हा ठरू शकतो. कमिटीपुढे काही लेखी देण्याआधी एखाद्या विश्वासू वकिलाचा सल्ला घ्या. यात अश्रद्धा नाही. परिणाम समजून घेऊन केलेली कबुली ही न समजता केलेल्या कबुलीपेक्षा अधिक खरी असते. कमिटीने कायद्याची वाट धरली तर तिच्यावर रुसू नका. देवाची क्षमा आणि संस्थेचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक मिळाली म्हणून दुसरा आपल्या मनासारखा व्हावा, असा हक्क आपल्याला नाही.

पाळकसाहेबांनंतर, आणि कमिटीच्या आधी, त्या दोन तरुणांना भेटा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. आपली निर्दोषता त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. फोनवर सांगू नका. भेटल्यावर "त्या वेळी माझी परिस्थिती" असे वाक्य सुरू होऊ लागले तर ते तिथेच गिळा. परिस्थिती खरी होती, पण ती ऐकून घेण्याचे ओझे त्यांच्यावर नाही. काय झाले ते सांगा, तुमच्या गप्प बसण्याने काय झाले असेल असे तुम्हाला वाटते ते सांगा, आणि कमिटीच्या इतिवृत्तात त्यांची नावे स्पष्टपणे निर्दोष म्हणून नोंदवून घेणार आहात, हे सांगा. क्षमा मागा, पण ती लगेच मिळावी म्हणून थांबून राहू नका. देवाने केली, मग तुला का करता येत नाही, असे शब्द तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. त्यांनी दार लावून घेतले, तर तो त्यांचा अधिकार आहे.

इथे मला प्रेषित पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्र आठवते. अनेसिम हा फिलेमोनाचा दास त्याच्यापासून दुरावून पौलाकडे आलेला; बहुधा काही देणेही मागे ठेवून आलेला. या नावाचा अर्थच उपयोगी असा आहे, आणि पौल त्यावर कोटी करतो की हा पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मलाही उपयोगी आहे. पौलाला तो सेवेसाठी जवळ हवा होता, तरीही त्याने त्याला आधी परत पाठवले. आणि रिकाम्या हाताने पाठवले नाही : त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी पौल हे स्वहस्ते लिहीत आहे, मी फेडीन. अपराध्याला सोबत हवी असते, त्याच्या वतीने शब्द टाकणारा कोणी हवा असतो. म्हणून पाळकसाहेबांना विचारा की चाकणला ते तुमच्याबरोबर येतील काय. एकट्याने जाण्यात शौर्य वाटेल, पण त्या तरुणालाही या भेटीचा साक्षीदार असलेला बरा.

पत्नीला यातले सर्व, कमिटीला कळण्याआधी, तुम्हीच सांगायला हवे. मुलीचा प्रश्न नाजूक आहे. तिच्या शिक्षणाला हे पैसे लागले, हे तिला कधीतरी कळेलच, आणि ते तुमच्याकडून कळलेले चांगले. परंतु सांगताना "तुझ्यासाठी केले" हे शब्द टाळा. तिने मागितले नव्हते. आपल्या पापाचे कारण म्हणून अपत्याचे नाव घेणे म्हणजे कर्ज तिच्या नावावर चढवणे. ती आज रुग्णसेवा करते, त्या सेवेवर या गोष्टीची सावली पडू देऊ नका.

मग पेटी. पाळकसाहेबांना सांगून झाल्यावर हा निर्णय तुमचा एकट्याचा राहात नाही, आणि ते एका परीने सोयीचे आहे. कमिटीचे काम पुरे होईपर्यंत थांबा असे त्यांनी म्हटले, तर थांबा. तसे थांबणे आणि माळ्यावर पेटी ठेवून थांबणे यांत फरक आहे, कारण याला मुदत आहे आणि ती दुसऱ्याने ठरवलेली आहे. शिकवा असे म्हणाले, तर आढेवेढे न घेता शिकवा. मी अजून योग्य नाही, असे म्हणत बसू नका. पेत्रही समुद्रकाठच्या त्या सकाळनंतर काही निर्दोष झाला नव्हता. अंत्युखियात तो पुन्हा लोकांना भिऊन मागे सरला आणि पौलाने त्याला तोंडावर बोल लावला, हे गलतीकरांस पत्रात नोंदलेले आहे. तरीही कोकरे चारण्याचे त्याचे काम काढून घेतले गेले नाही. मात्र इमारत निधी, अर्पणाची मोजणी, पावतीपुस्तक यांच्या जवळपास पुन्हा जाऊ नका, आणि कोणी प्रेमाने आग्रह केला तरी नको म्हणा. क्षमा झाली म्हणजे जुनी किल्ली परत मिळायलाच हवी, असे नाही. एफेसकरांस पत्रात, चोरी करणाऱ्याने पुन्हा चोरी न करता स्वतःच्या हातांनी काम करावे, म्हणजे गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असेल, असे म्हटले आहे. तुमच्या हातांचे काम कोणते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

या निमित्ताने अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे लिहितो, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत "मी सेवेला अपात्र आहे" हे वाक्य वारंवार येते आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. ज्यांच्या चुकीने कोणाचेही देणे मागे राहिलेले नाही, तरीही जे वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसून राहतात, त्यांना वरील हिशेब लागू नाही. त्यांनी कोणालाही काही कबूल करण्याच्या भरीस न पडता सरळ कामाला लागावे. वसई आणि गोव्याकडील कॅथलिक वाचकांना कुमसाराचा, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या विधीचा, आधार आहे. त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्यांच्या धर्मसभेची शिकवणही हीच आहे : पापमोचनाने पाप जाते, पण चोरलेली वस्तू परत करण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही. ज्यांनी लहान मुलांना किंवा दुबळ्यांना इजा केली आहे, त्यांनी क्षमा मिळाली या आधारावर पुन्हा त्यांच्यामध्ये सेवा मागू नये, आणि मंडळ्यांनी ती देऊ नये. तिथे सुरक्षितता हीच प्रीती. आणि "मला गाता येत नाही, प्रवचन करता येत नाही, मग माझ्याकडे कृपादान कसले?" असे विचारणाऱ्या भगिनींनी एकदा पुणे जिल्ह्यातील केडगावचा इतिहास वाचावा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापले गेले, आणि ते काम मुक्ती सदनातील मुली-स्त्रियांच्या हातांनी झाले. छपाईच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून जुळवणे, हेही त्या वेळी कृपादानच होते.

बंधू, पेटी नऊ वर्षांत वाजली नाही, तेव्हा भात्याचे चामडे कडक झाले असेल आणि एखाददुसरा सूर बसला असेल. दुरुस्तीला पंधरा दिवस तरी लागतील. आगमनकाळाचा पहिला रविवार नाताळाच्या आधीचा चौथा रविवार असतो, आणि मुलांची तालीम त्याच्याही आधी सुरू व्हायला हवी. तेव्हा ती या आठवड्यातच कारागिराकडे टाका. पावती तुमच्या नावाने घ्या, आणि पत्नीने विचारले तर या वेळी बोटांचे कारण सांगू नका. चाकणला जाऊन आल्यावरच ती परत आणा.